धुराने मरणारी माणसं नेमकी कशाने मरतात, हे शोधायला या डॉक्टरने स्वतःच विषारी वायू ओढला होता

आग लागली आणि माणसं गेली, अशी बातमी वाचली की आपल्या डोळ्यासमोर ज्वाळा येतात. पण आगीत दगावणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांपर्यंत ज्वाळा पोहोचलेल्याच नसतात. त्यांना धूर मारतो. आज हे फायर ब्रिगेडमधला नवा पोरगाही सांगेल, पण सव्वाशे वर्षांपूर्वी हे पुराव्यानिशी सिद्ध करायला एका माणसाला खाणीत उतरून मृतदेहांचं रक्त तपासावं लागलं होतं.

त्या माणसाचं नाव जॉन स्कॉट हाल्डेन.

१८६० साली एडिंबरामध्ये जन्म, घर खानदानी, १८८४ मध्ये डॉक्टरकीची डिग्री. आता दवाखाना टाकून निवांत बसायचं, तर या गड्याला नाद लागला हवेचा. डंडीच्या गरीब वस्त्यांमध्ये रात्री-अपरात्री जाऊन, माणसं दाटीवाटीने झोपलेल्या खोल्यांतली हवा तो बाटलीत भरून आणायचा. गटारातली हवाही त्याने सोडली नाही.

मग आला २७ जानेवारी १८९६. वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत पहाटे स्फोट झाला आणि ५७ कामगार गेले. हाल्डेन तिथे पोहोचला. स्फोटाच्या दणक्याने आणि भाजून माणसं मेली असणार, असाच साधारण समज होता. पण त्याने एकेक देह बघितला तेव्हा वेगळंच दिसलं. बहुतेकांच्या अंगावर जिवावर बेतेल अशी जखमच नव्हती. उलट कातडी गुलाबी, टवटवीत. झोपलेत की काय, असं वाटावं.

हा गुलाबी रंग म्हणजेच खुनी पकडून देणारा पुरावा होता.

कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जितकं धरतं, त्याच्या दोनशेपट जास्त घट्ट ते या वायूला धरतं. म्हणजे ऑक्सिजनची सीट आधीच अडवलेली. माणूस श्वास घेत राहतो, पण शरीराला काही मिळत नाही. हाल्डेनची तपासणीची पद्धत एकदम साधी होती. थेंबभर रक्त भरपूर पाण्यात मिसळायचं. साधं रक्त पिवळसर दिसतं, या वायूने भरलेलं रक्त गुलाबी.

आणि हे त्याला कसं माहीत होतं? कारण वर्षभर आधीच त्याने स्वतः हा वायू ओढून बघितला होता. निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन वायूने अडवेपर्यंत! धाप लागली, नजर अंधुक झाली, पाय लटपटायला लागले, तरी नोंदी सुरूच. त्याच वेळी त्याने उंदरांवरही प्रयोग केले. या वायूने नक्की मेला असता असा उंदीर, जास्त दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ठेवला तर जगला. (हे घरी करून बघायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे बाथरूममधल्या गॅस गिझरने जीव जातात, ते याच वायूने.)

आजही धुरात सापडलेल्या पेशंटला पहिल्यांदा काय देतात? मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन. साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तासा-दीड तासात काम होतं. यात एक गोची आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. त्याला हा वायू आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही, त्यामुळे पेशंट गंभीर असतानाही आकडा ९८ दाखवू शकतो. म्हणून रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते. शिवाय नाकातले केस जळालेत का, थुंकीत काजळी आहे का, आवाज घोगरा झालाय का, हे डॉक्टर बघतात. कारण भाजलेला घसा पुढच्या काही तासांत सुजून बंद होऊ शकतो, आणि मग नळी घालायलाही जागा राहत नाही. त्यामुळे शंका पक्की असेल तर नळी आधीच घालतात, आणि दुर्बिणीने आत श्वासनळीत काजळी कुठवर गेलीय ते बघतात.

परत हाल्डेनकडे येऊ.

एप्रिल १९१५ मध्ये जर्मनांनी ईप्रच्या आघाडीवर क्लोरीन सोडला. ब्रिटिश सरकारने तातडीने हाल्डेनला फ्रान्सला धाडलं. सैनिकांची फुफ्फुसं पाण्याने भरत होती, माणसं कोरड्या जमिनीवर बुडून मरत होती. ऑक्सफर्डच्या घरातल्या प्रयोगशाळेत हाल्डेन बंद खोलीत गॅस सोडून स्वतःवर मास्क तपासायचा. बाहेर खिडकीशी त्याची मुलगी नेओमी उभी. बाबा कोसळले तर ओढून काढायचं, हे तिचं काम. हीच नेओमी मिचिसन पुढे मोठी लेखिका झाली.

तोपर्यंत दवाखान्यात ऑक्सिजन म्हणजे तोंडाजवळ नरसाळं धरायचं, तेही थोडा वेळ. अर्धा हवेत उडून जायचा. हाल्डेनने चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क आणि प्रवाह मोजून सोडणारं यंत्र बनवलं, आणि १९१७ मध्ये त्यावर लेख लिहिला. ऑक्सिजन सतत आणि मोजून द्यायचा, ही पद्धत रुळायला तिथून जोर मिळाला.

१९३६ च्या मार्चमध्ये तो न्यूमोनियाने गेला. त्याच्या थोडं आधी, पंचाहत्तरीत, इराण-इराकच्या तेल कारखान्यांत कामगारांना उष्माघात का होतो ते बघायला गेला होता. ज्याला तो लहानपणापासून खाणीत घेऊन उतरायचा तो पोरगा, म्हणजे शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन, १९५७ मध्ये भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.

आणि हो, खाणीत न्यायचे ती कॅनरी चिमणी! ती कल्पनाही बापाचीच. एवढासा जीव माणसाच्या कितीतरी आधी हा वायू शोषून कोसळतो, तेवढ्यात कामगारांना पळायला वेळ मिळायचा. पुढे असे पिंजरेही आले ज्यांच्यावर छोटा ऑक्सिजनचा सिलेंडर असायचा. पक्षी पडला की दार लावायचं, कॉक सोडायचा, आणि तो परत उठून बसायचा. ब्रिटनच्या खाणींत हे पक्षी १९८६ पर्यंत ड्युटीवर होते. त्यांच्या जागी मशीन आली तेव्हा कामगारांनाच जास्त वाईट वाटलं, कारण ते त्या पक्ष्यांशी शिट्टी वाजवून गप्पा मारायचे.