मादाम क्यूरी यांच्या घरची शाळा

मादाम क्यूरी यांचे नाव रेडियमच्या शोधामुळे जगभर झाले. परंतु त्यांच्या विद्येचा पाया घरातच घातला गेला, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

त्यांचा जन्म १८६७ साली पोलंडमधील वॉर्सा येथे झाला. तेव्हा तेथे रशियाचे राज्य होते. वडील पदार्थविज्ञानाचे शिक्षक. राज्यकर्त्यांनी पोलिश शाळांतील प्रयोग बंद केले, तेव्हा त्यांनी उपकरणे घरी आणली. काचेच्या कपाटातील त्या नळ्या, तो लहानसा तराजू, ते खनिजांचे नमुने पाहत छोटी मान्या वाढली. ती दहा वर्षांची असताना मातृछत्र हरपले. तरी वडिलांनी मुलांच्या शिक्षणात खंड पडू दिला नाही.

पुढे मान्या मादाम क्यूरी झाल्या. १९०३ व १९११ साली नोबेल पारितोषिके मिळाली. मधल्या काळात, १९०७ च्या सुमारास, त्यांनी व त्यांच्या प्राध्यापक स्नेह्यांनी पॅरिसमध्ये एकमेकांच्या मुलांना आपणच शिकविण्याचे ठरविले. पेरँ रसायन, लांजव्हँ गणित आणि मादाम क्यूरी पदार्थविज्ञान शिकवीत. भांड्यातील ऊन पाणी निवू नये म्हणून काय करावे, असे त्यांनी एकदा विचारले. मुलांनी लोकर गुंडाळण्यासारखे नाना उपाय सुचविले. आपण प्रथम झाकण ठेवू, असे बाईंनी हसत सांगितले.

त्या मुलांतील त्यांची कन्या इरेन हिला १९३५ साली पतीसह नोबेल पारितोषिक मिळाले. ते पाहावयास आई नव्हती. १९३४ सालीच त्या निवर्तल्या होत्या.

आपल्या घरी काचेचे कपाट नसेल. पण पातेले आणि झाकण खासच आहे. मुलांच्या प्रश्नापाशी घटकाभर बसणारे वडीलधारे माणूस मात्र हवे.