संग्रहाचा मोह आणि महमूद गावान

जुनी नाणी, टपाल तिकिटे, आगपेट्यांची वेष्टने किंवा च्युइंग गमच्या पुडीत मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे. वस्तू कोणतीही असली तरी संग्राहकाच्या मनाची घडण सारखीच असते. हाती आलेल्या वस्तूचा आनंद फार काळ टिकत नाही, न मिळालेल्या वस्तूची हुरहुर मात्र छळत राहते. छंदाचा हव्यास केव्हा होतो हे ज्याचे त्यालाही अनेकदा कळत नाही. सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वी बिदरच्या बहमनी राज्याचा कारभार सांभाळणाऱ्या एका वजिराला मात्र ते कळले होते. घोडे, हत्ती, जडजवाहीर आणि ग्रंथ या साऱ्यांचा साठा त्याच्या दारी होता. त्यातले काय ठेवावे आणि काय सोडावे याचा निवाडा त्याने एका रात्रीत केला. हा वजीर म्हणजे महमूद गावान. गोमंतकाच्या इतिहासात त्याचे नाव १४७२ मधील गोव्याचा विजेता म्हणून येते. त्याच्या स्वभावाचा दुसरा पैलू समजून घ्यायचा तर बिदरकडे वळावे लागते.

व्यापारी ते वजीर

महमूद गावान मूळचा इराणचा. कास्पियन समुद्राकाठच्या गीलान प्रांतातील कावान या गावी १४११ च्या सुमारास त्याचा जन्म झाला आणि गावाचे नाव पुढे त्याला चिकटले. घराणे राजदरबारी मानाचे होते, पण दरबारी कारस्थानांमुळे त्याला मायदेश सोडावा लागला. इतर राजांच्या पदरी चाकरी करण्याऐवजी त्याने व्यापाराचा मार्ग पत्करला. व्यापाराच्या निमित्ताने तो देशोदेशी हिंडला आणि कैरो, दमास्कस यांसारख्या विद्यानगरांत तिथल्या विद्वानांच्या सहवासात राहिला. त्या काळच्या व्यापाऱ्याच्या तांड्यात कापड, मोती आणि घोड्यांबरोबर हस्तलिखितेही असत. व्यापारी आणि विद्यार्थी या दोन्ही वृत्ती त्याच्या ठायी अखेरपर्यंत एकत्र नांदल्या.

१४५३ मध्ये तो कोकणातील दाभोळ बंदरात उतरला आणि तेथून बिदरला गेला. बहमनींची राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बिदरला हलवली गेली त्याला तेव्हा पाव शतक लोटले होते. बिदरमधील सूफी संत शाह मुहिबुल्लाह यांचे दर्शन घेऊन पुढे जाण्याचा त्याचा बेत होता. पण सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमदशाह याने त्याची योग्यता हेरली आणि त्याला दरबारी ठेवून घेतले. पुढच्या सुलतानाने, हुमायूनने, त्याला मलिक-उत्-तुज्जार म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख हा किताब दिला. हुमायूननंतर अल्पवयीन वारस गादीवर आले. तेव्हा राजमाता नर्गिस बेगम हिच्याबरोबर राज्य सावरणाऱ्या मंडळात गावान होता. १४६२ मध्ये माळव्याच्या महमूद खलजीने बिदरवर चाल केली, त्या वेळी गुजरातच्या महमूद बेगड्याची मदत मिळवून त्यानेच राज्य वाचवले. तिसऱ्या मुहम्मदशाहाच्या कारकिर्दीत तो राज्याचा मुख्य वजीर झाला.

वैभवाचा कळस

या वजिराचे वैभव कसे होते याचे वर्णन अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. १४७० च्या आसपास तो बिदरमध्ये होता. एक घोडा विकून चार पैसे मिळवावेत, या आशेने हा गरीब प्रवासी इतक्या दूर आला होता. त्याच्या लेखी मलिक-उत्-तुज्जारच्या पागेत दोन हजार घोडे होते, दारी शंभर हत्ती झुलत होते आणि पंक्तीला रोज पाचशे माणसे जेवत होती. रात्री वाड्याभोवती शस्त्रधाऱ्यांचा पहारा असे आणि नगारे, कर्णे वाजत. आकडे ऐकीव असतील, पण एका परक्या व्यापाऱ्याचे डोळे दिपावेत इतके ते वैभव होते यात शंका नाही.

या वैभवात व्यापाराचा वाटा होता तसा युद्धाचाही होता. १४६९ मध्ये गावानने कोकणची मोहीम हाती घेतली. संगमेश्वर आणि खेळणा, म्हणजे पुढे विशाळगड म्हणून प्रसिद्ध झालेला किल्ला, ही त्याची लक्ष्ये होती. घनदाट अरण्य आणि अवघड घाट यांमुळे मोहीम लांबली. पावसाळ्यात सैन्यासह कोल्हापूर परिसरात झोपड्या उभारून त्याला मुक्काम करावा लागला. जिथे तलवार चालली नाही तिथे त्याने द्रव्य चालवले. त्यानंतर त्याने विजयनगरच्या ताब्यातील गोव्यावर जमिनीवरून आणि समुद्रातून एकाच वेळी चाल केली. १ फेब्रुवारी १४७२ रोजी गोवा त्याच्या हाती आला. अरबस्तान आणि इराणमधून येणाऱ्या घोड्यांच्या व्यापाराचे हे महत्त्वाचे बंदर होते. ते गमावणे विजयनगरला जिव्हारी लागले. गावानने या विजयाचे वृत्त पत्रांतून दूरदूरच्या स्नेह्यांना कळवले आणि गोव्याच्या हवापाण्याची व वनश्रीची मुक्तकंठाने स्तुती केली. मात्र कोकणपट्टीतील गावांना या मोहिमेने सोसावी लागलेली होरपळ त्या स्तुतीत उमटत नाही. बिदरला परतलेल्या सैन्याबरोबर मोठी लूट होती.

बंद दालनातील रात्र

विजयी वजीर बिदरला परतला तेव्हा सुलतान त्याच्या घरी आठवडाभर पाहुणा म्हणून राहिला. सुलतानाने आपला पोशाख त्याच्या अंगावर चढवला आणि राजमातेने त्याला भाऊ म्हणून संबोधले. परदेशातून आलेल्या व्यापाऱ्याला याहून मोठा मान मिळणे शक्य नव्हते.

पुढे जे घडले ते फरिश्ता या इतिहासकाराने नोंदवले आहे. फरिश्ता विजापूरच्या आदिलशाही दरबारात, गावाननंतर शतकाहून अधिक काळाने लिहीत होता. त्यामुळे त्याच्या कथनाला थोडे श्रद्धेचे वलय असणे स्वाभाविक आहे. तो सांगतो, की सुलतान परतताच गावान आपल्या दालनात गेला, दरवाजा लावून घेतला, भरजरी वस्त्रे उतरवली आणि जमिनीवर पडून रडला. बाहेर आला तो दरवेशाच्या साध्या वेशात. त्याने बिदरमधील विद्वान आणि सत्पात्र माणसांना बोलावले आणि व्यापारात व सत्तेच्या काळात जमवलेले जडजवाहीर, रोकड आणि मौल्यवान चीजवस्तू त्यांना वाटून टाकल्या. घोडे, हत्ती आणि ग्रंथसंग्रह एवढेच त्याने मागे ठेवले.

मुल्ला शम्सुद्दीन नावाच्या विद्वानाने त्याला विचारले, की सर्वस्व वाटून टाकले तर एवढेच का राखले? त्यावर गावानने दिलेले स्पष्टीकरण मार्मिक आहे. सुलतान घरी राहिला आणि राजमातेने भाऊ म्हटले, तेव्हा आपल्या मनात अहंकाराने उचल खाल्ली, असे त्याने कबूल केले. म्हणून जे आपले होते ते त्याने टाकले. घोडे आणि हत्ती सुलतानाचे होते आणि ग्रंथ विद्यार्थ्यांचे होते. जे आपले नव्हतेच, ते तो वाटणार तरी कसे?

संग्राहक सहसा आवडती वस्तू शेवटपर्यंत सोडत नाही, नावडती आधी काढून टाकतो. गावानचे ग्रंथप्रेम पाहता ग्रंथ मागे राहणे नवलाचे नव्हते. नवल याचे, की त्याने ते आपल्या नावावर ठेवले नाहीत.

विद्यार्थ्यांसाठी ग्रंथ

ज्या वर्षी गोवा जिंकला त्याच वर्षी, १४७२ मध्ये, बिदरमधील त्याचा मदरसा बांधून पूर्ण झाला. तीन मजली इमारत, चारही बाजूंना दालने, मधोमध प्रशस्त अंगण आणि दर्शनी बाजूस दोन उंच मिनार अशी तिची रचना होती. भिंतींवर निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या रंगांच्या चकचकीत फरशा आणि सुंदर अक्षरांतील पट्ट्या होत्या. समरकंद आणि खुरासानमधील विद्यापीठांचा आदर्श समोर ठेवून दख्खनच्या लालसर मातीत उभी राहिलेली ही वास्तू होती. विद्यार्थी आणि अध्यापक तिथेच राहत. गावान स्वतः गणित, वैद्यक आणि साहित्य यांचा जाणकार होता. फार्सी पत्रलेखनावर त्याने ग्रंथ लिहिला आणि त्याच्या शंभराहून अधिक पत्रांचा संग्रह रियाझ-उल्-इन्शा या नावाने आजही उपलब्ध आहे. हेरातचा थोर कवी जामी याला त्याने बिदरला येण्याचे आमंत्रण दिले होते. जामी आला नाही, पण दोघांचा पत्रव्यवहार होत राहिला. ग्रंथांप्रमाणेच विद्वानही बिदरमध्ये जमावेत अशी गावानची तळमळ होती.

या मदरशासाठी त्याने तीन हजार ग्रंथ जमवले होते. आज हा आकडा लहान वाटेल. पण छापखान्याची कला हिंदुस्थानात पोहोचण्याच्या आधीचा तो काळ. प्रत्येक ग्रंथ लेखनिकाने हाताने उतरवलेला असे आणि एकेका प्रतीला महिने लागत. रोममधील व्हॅटिकन ग्रंथालयाची १४८१ मध्ये सूची झाली, तेव्हा तिथे सुमारे साडेतीन हजार ग्रंथ होते. यावरून बिदरच्या संग्रहाची थोरवी लक्षात यावी.

मुद्रा आणि मृत्यू

संपत्तीचा मोह सोडलेल्या गावानने सत्ता मात्र सोडली नाही. १४७३ मध्ये त्याच्या मदतीने सुलतानाने बेळगावचा किल्ला घेतला. तटाखाली सुरुंग पेरून भिंत उडवण्याचे तंत्र तिथे वापरले गेले आणि जिंकलेला मुलूख गावानच्या जहागिरीत जमा झाला. राज्याच्या चार तर्फांचे त्याने आठ विभाग केले, प्रत्येक तर्फदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला आणि जमिनीच्या मोजणीला हात घातला. या सुधारणांनी सरदारांचे हितसंबंध दुखावले. आधीच दरबारात दख्खनी आणि आफाकी, म्हणजे स्थानिक आणि परदेशांतून आलेले, असे दोन तट होते. गावान आफाकी असूनही दोन्ही तटांना समतोल वाटा देण्याचा प्रयत्न करी. पण मलिक हसन निजाम-उल्-मुल्क बहरी आणि त्याच्या साथीदारांनी त्याच्या नाशाचा कट रचला. त्याची मुद्रा सांभाळणाऱ्या गुलामाला मद्य पाजून एका कोऱ्या कागदावर ती उठवून घेतली. त्यावर ओडिशाच्या राजाला बहमनी राज्यावर स्वारी करण्याचे निमंत्रण लिहिले आणि ते पत्र सुलतानापुढे ठेवले.

आंध्रातील कोंडपल्लीच्या छावणीत मद्याच्या धुंदीत असलेल्या सुलतानाने त्याला बोलावणे धाडले. हितचिंतकांनी गुजरातकडे निघून जाण्याचा सल्ला दिला. तो त्याने मानला नाही. मुद्रा आपली आहे, पत्र आपले नाही, एवढेच त्याने सुलतानाला सांगितले. चौकशी झालीच नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरी गाठलेल्या या वजिराचा शिरच्छेद झाला.

सुलतानाला आता त्याचा खजिना हवा होता. गावानचा खजिनदार निजामुद्दीन हसन गीलानी याला बोलावण्यात आले. फरिश्त्याने दिलेला हिशेब असा: वजिराचे दोन खजिने होते. एक सुलतानाच्या नावाचा, फौज आणि पागेच्या खर्चासाठी. त्यात दहा हजार लारी आणि तीन हजार होन होते. दुसरा गरिबांच्या नावाचा, त्यात तीनशे लारी शिल्लक होत्या. लारी म्हणजे चांदीच्या वाकवलेल्या तारेचे नाणे. ते कोकणच्या बंदरांत सर्रास चाले. गावान हिंदुस्थानात येताना चाळीस हजार लारींचे भांडवल घेऊन आला होता. त्यावरचा व्यापार त्याने चालू ठेवला होता आणि स्वतःचा खर्च तो त्या नफ्यातूनच भागवी. उरलेली रक्कम नातलग, विद्वान आणि गरजू यांच्याकडे जाई. मुदपाकखान्याच्या कारभाऱ्याने सांगितले, की मोठी भांडी सुलतानाची, वजिराचे जेवण मातीच्या भांड्यात शिजे. ग्रंथपालाने तीन हजार ग्रंथांचा आकडा सांगितला आणि ते सर्व मदरशाच्या विद्यार्थ्यांसाठी असल्याचेही सांगितले. निकितीनने पाहिलेल्या दोन हजार घोड्यांमागचा माणूस कसा होता, ते सुलतानाला तेव्हा कळले. तोवर उशीर झाला होता.

मागे उरलेले

पश्चात्तापदग्ध सुलतान वर्षभरातच, मार्च १४८२ मध्ये, मरण पावला. त्यानंतर बहमनी राज्याची शकले होत गेली. गावानच्या छत्राखाली वाढलेल्या यूसुफ आदिलखानाने विजापूरला स्वतंत्र सत्ता स्थापन केली आणि गोवा आदिलशाहीकडे गेला. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोंसो द आल्बुकेर्कने तो जिंकला आणि गोव्याच्या इतिहासाला निराळे वळण लागले. गावानने जिंकलेला गोवा बहमनींच्या घराण्याकडे दोन दशकेही पुरता टिकला नाही.

मदरसा अधिक काळ टिकला. १६५७ मध्ये बिदर औरंगजेबाच्या ताब्यात गेले. पुढे या वास्तूचा उपयोग सैनिकांच्या निवासासाठी आणि दारूगोळा साठवण्यासाठी होऊ लागला. १६९६ मध्ये तिथल्या दारूचा स्फोट झाला आणि दर्शनी बाजूचा बराचसा भाग, एका मिनारासह, कोसळला. जिथे ग्रंथ जमवायचे तिथे दारू जमवली गेली, त्याचे हे फळ. उरलेला मिनार, त्यावरच्या निळ्या फरशांचे अवशेष आणि रिकामी दालने आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या देखरेखीखाली आहेत. भालकी, औराद, बसवकल्याण या भागांतील मराठी भाषकांना ही वास्तू परिचयाची आहे. गोव्याच्या पर्यटकाला मात्र तिची गोव्याशी असलेली सांगड क्वचितच ठाऊक असते.

त्या दालनांत आज ग्रंथ नाहीत. पण ते कुणाच्या मालकीचे होते, हा प्रश्न विचारला गेला तेव्हा ग्रंथपालाला उत्तर शोधावे लागले नव्हते. बिदरजवळच्या गोरनळ्ळी गावी महमूद गावानची कबर आहे. बहमनी सुलतानांच्या भव्य घुमटांच्या मानाने ती अगदी साधी आहे.