नक्शे काढणारा राजा : लाला दीनदयाळ

गेल्या दिवाळीत पुण्याचा भाचा चार दिवस आमच्याकडे राहून गेला. त्याच्या बॅगेत एक छोटेसे पुस्तक होते, शर्टाच्या खिशात मावेल एवढे. आत मजकूर दोन-चार पाने, बाकी सगळे काळे-पांढरे फोटो. ही फ्रान्समधली एक पुस्तकमाला आहे. रोबेर देल्पीर नावाच्या प्रकाशकाने १९८२ साली पॅरिसमध्ये ती काढली. नाव फोटो पोश, म्हणजे खिशातले फोटो. एका पुस्तकात एक फोटोग्राफर आणि किंमत विद्यार्थ्याला परवडेल अशी. पहिले पुस्तक नादार या त्यांच्या जुन्या फोटोग्राफरवर होते. मला फ्रेंच येत नाही, पण पुस्तक दोन रात्री उशाशी होते.

भाच्याला मी म्हटले की, नादारच्या काळातला असाच एक मोठा माणूस आपल्या इंदूरचाही आहे. त्याला ते नाव ठाऊक नव्हते. सौ.लाही नव्हते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहाच्या वेळी विचारले, तिथेही एकानेच हैदराबादचे काहीतरी म्हणून मान हलवली. म्हणून या वर्षी मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. माझे आणखी एक वैयक्तिक कारण आहे, ते पुढे येईलच.

दीनदयाळ मूळचे आपल्या भागातले नव्हेत. मेरठजवळचे सरधना हे त्यांचे गाव. बेगम समरूमुळे आणि तिने बांधलेल्या चर्चमुळे हे नाव अनेकांनी ऐकले असेल. तिथल्या एका जैन कुटुंबात १८४४ साली त्यांचा जन्म झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी इकडे इंदूरच्या गादीवर लहानगे तुकोजीराव होळकर दुसरे बसले. पुढे हेच तुकोजीराव त्यांचे आश्रयदाते झाले.

शिक्षण रुडकीच्या थॉमसन कॉलेजात झाले. गंगेचा मोठा कालवा बांधायला माणसे हवी होती, त्यातून हे कॉलेज उभे राहिले. मोजणी, नक्शे, अंदाजपत्रक हे तिथले मुख्य शिक्षण. आम्ही पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमाला जे शिकलो त्याचेच हे पूर्वज म्हणायला हरकत नाही. १८६६ मध्ये ते शिकून बाहेर पडले आणि इंदूरला बांधकाम खात्याच्या सचिवालयात हेड एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरीला लागले. माझी उत्सुकता इथूनच सुरू होते. गेली वीसहून अधिक वर्षे मी स्वतः हेच काम करतो आहे. किती घनमीटर खोदाई, किती चुना, किती मजुरी, खाली सही, वर साहेबांची सही. त्यांच्या काळी घनफूट होते आणि साहेब गोरा होता, एवढाच काय तो फरक.

नोकरीला आठ वर्षे झाल्यावर, १८७४ च्या सुमारास, त्यांनी कॅमेरा हाती घेतला. वय तिशीचे. आज आपण मोबाइल वर करून बोट टेकवतो, त्यामुळे तेव्हा ‘फोटो काढणे’ म्हणजे काय होते ते थोडे सांगितले पाहिजे. काचेच्या पट्टीवर कलोडियन नावाचे चिकट द्रव्य एकसारखे पसरायचे. मग ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत पुन्हा अंधारात नेऊन धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. माळव्यातल्या वैशाखात त्याहूनही कमी, कारण काच बघता बघता सुकते. म्हणजे जिथे फोटो तिथे तंबू, पाणी, रसायनांच्या बाटल्या आणि काचांच्या पेट्या न्यायच्या. मोठे करणे वगैरे नाही. जेवढी काच तेवढाच फोटो. शेवटी अंड्याच्या बलकाचा नव्हे, तर पांढऱ्या भागाचा लेप दिलेल्या कागदावर काच ठेवून उन्हात छाप काढायचा. पुढे १८८० च्या आसपास तयार कोरड्या काचा मिळू लागल्या आणि हा व्याप पुष्कळ कमी झाला, पण दीनदयाळांचा हात बसला तो या पहिल्या कष्टात.

सर हेन्री डॅली तेव्हा इंदूरला गव्हर्नर जनरलचे एजंट होते. ज्यांच्या नावाचे कॉलेज आपण रोज पाहतो तेच. त्यांनी या कर्मचाऱ्याच्या छंदाला हात दिला. तुकोजीरावांनीही प्रोत्साहन दिले. १८७५-७६ मध्ये इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानात आले, त्या दौऱ्याचे फोटो घेण्याची संधी दीनदयाळांना मिळाली. खात्यातल्या एस्टिमेटरने एवढी मजल मारली हे ऑफिसात सगळ्यांना रुचले असेल का, असा प्रश्न मला नेहमी पडतो. आपल्याकडे कोणी नाटकात काम केले तरी वार्षिक अहवालात त्याची नोंद वेगळ्या शाईने होते.

डॅलींनंतर सर लेपेल ग्रिफिन एजंट म्हणून आले. १८८२ मध्ये ते मध्य भारताच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा दीनदयाळांना बरोबर घेतले. ग्वाल्हेरचा किल्ला, ओरछा, दतिया, खजुराहो, सांची ही सगळी ठिकाणे त्या प्रवासात आली. खजुराहोपर्यंत रेल्वे नव्हती, सगळे सामान गाडीबैलांवर आणि माणसांच्या डोक्यावर. त्यातले फोटो ग्रिफिनच्या मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंवरच्या मोठ्या ग्रंथात १८८६ साली लंडनमध्ये छापून आले. मी त्या फोटोंच्या प्रती पाहिल्या आहेत. खांब सरळ उभे, कोपरे नेमके, पायऱ्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. काही फोटोंत भिंतीपाशी एखादा माणूस उभा किंवा बसलेला दिसतो. लोक त्याला सजावट समजतात. मला विचाराल तर तो ड्राफ्ट्समनचा हिशोब आहे : माणूस दिसला की कमानीची उंची कळते, नकाशाखाली स्केलपट्टी काढावी तशी. रुडकीचे शिक्षण वाया गेले नाही ते असे.

या कामासाठी दीनदयाळांनी दोन वर्षांची लांब रजा घेतली. रजा संपल्यावर काय करायचे हा प्रश्न आलाच असणार. पदरात बायको, मुले. सरकारी पगार महिन्याच्या महिन्याला. समोर कॅमेरा, ज्यात आज राजाची ऑर्डर आहे आणि उद्याची खात्री नाही. त्यांनी नोकरी सोडली. वय चाळिशी ओलांडलेले.

मी आज साधारण त्याच वयाचा आहे. तरुणपणी मलाही फोटोचे वेड होते, मधल्या खोलीत रात्री लाल दिवा लावून मी फोटो धूत असे. बाबांच्या निवृत्तीनंतर डार्करूमचे सामान माळ्यावर गेले ते गेलेच. त्याबद्दल तक्रार नाही. दोन मुलींचे शिक्षण याच नोकरीवर झाले. पण दीनदयाळांच्या आयुष्यातल्या या एका वर्षापाशी मी दर वेळी थांबतो.

पुढचा चढ झपाट्याचा आहे. व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी त्यांना आपला फोटोग्राफर नेमले. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाकडून तशीच नेमणूक आली. १८८६ मध्ये सिकंदराबादला स्टुडिओ निघाला आणि इंदूरचा माणूस हैदराबादचा झाला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबारातल्या मेजवान्या, शिकारी, फलकनुमा राजवाडा, लष्करी कवायती, पाहुणे आलेले लाटसाहेब हे सारे त्यांच्या काचांवर उतरले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन आणि त्यांच्या पत्नीचा मारलेल्या वाघासह घेतलेला फोटो अनेकांनी पाहिला असेल. तो दीनदयाळांचा, हे मात्र खाली लिहिलेले नसते. १८९४ मध्ये निजामांनी त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. तलवार न धरता जंग झालेला हा माणूस!

मला या दरबारी फोटोंपेक्षा दोन गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात. पहिली, १८९२ मध्ये हैदराबादला त्यांनी फक्त स्त्रियांसाठी काढलेला स्टुडिओ. पडद्यातल्या बायका परपुरुषासमोर बसणार कशा? म्हणून भोवती उंच भिंती आणि आत काम पाहायला मिसेस केनी-लेव्हिक ही इंग्रज बाई. आपल्याही घरांतून आजी-पणजीचा एकही फोटो नाही अशी कुटुंबे आहेत. आमच्या पणजीचा नाही. हैदराबादच्या काही घरांत तो असेल तर या स्टुडिओच्या कृपेने.

दुसरी गोष्ट दुष्काळाची. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात निजाम संस्थानात जी मदतकामे चालली त्यांचे फोटो दीनदयाळांच्या कंपनीने घेतले आणि त्यांत औरंगाबादकडची आपली मराठी माणसे आहेत. रांगेत बसलेली, हाडे मोजता येतील अशी. सरकारला आपले चांगले काम दाखवायचे होते म्हणून ते घेतले गेले हे खरे. तरी बरगड्या बरगड्याच दिसतात. याच कॅमेऱ्याने फलकनुमाची मेजवानी टिपली, आणि याच कॅमेऱ्याने हे. वेरूळचे कैलास लेणेही त्यांनी घेतले आहे, तेही पाहण्यासारखे.

१८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कामाला पारितोषिक मिळाले. १८९६ मध्ये मुंबईत मोठा स्टुडिओ निघाला. ज्ञानचंद आणि धरमचंद ही दोन्ही मुले याच धंद्यात होती. १९०३ चा दिल्ली दरबार झाला, पण पाठोपाठ १९०४ मध्ये धरमचंद गेले आणि पुढच्याच वर्षी, जुलै १९०५ मध्ये, दीनदयाळही गेले. १९११ मध्ये निजाम महबूब अली वारले. मोठा आश्रय गेला आणि धंदा उतरणीला लागला.

काचा मात्र वारसांनी टिकवल्या. यात त्यांचे उपकार मोठे आहेत, कारण जुनी काच म्हणजे घरात अडगळच. माझ्या माहितीतल्या एका कचेरीत शंभर वर्षांपूर्वीचे कापडी नक्शे रद्दीच्या भावाने गेले आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले. दीनदयाळांच्या २८५७ काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. २००६ मध्ये डाक खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले, पाच रुपयांचे. ते माझ्याकडे आहे. त्यांच्यावर चांगले जाडजूड इंग्रजी ग्रंथ निघाले आहेत, मात्र त्यांच्या किमती पाहून मी ते दुकानातच चाळून परत ठेवले. मराठीत खिशात मावणारे, शंभर-दीडशे रुपयांचे पुस्तक अजून माझ्या पाहण्यात नाही. कुणा वाचकाला ठाऊक असेल तर मंडळाच्या कार्यालयात जरूर निरोप ठेवावा, भाच्याला पाठवायचे आहे.