सॅम वॉल्टन आणि त्यांचे जुने विमान



आपल्या बॅचमधले कित्येक जण आज स्वतःचा धंदा चालवतात. कोणाचे किराणा दुकान आहे, कोणाची दोन-तीन गावांत कापडाची दुकाने आहेत. गल्ला एका गावात आणि दुसरी शाखा लांबच्या गावात असली की जीव कसा टांगणीला लागतो, हे त्यांना सांगायला नको. अमेरिकेतल्या एका दुकानदाराने या अडचणीवर जुन्या विमानाचा उपाय शोधला. त्यांचे नाव सॅम वॉल्टन, वॉलमार्टचे संस्थापक.

सॅमचा जन्म 29 मार्च 1918 रोजी ओक्लाहोमा राज्यातल्या किंगफिशर या गावी झाला. पुढे कुटुंब मिसुरी राज्यात गेले. महामंदीचे दिवस होते. घरच्या गाईचे दूध काढणे, गिऱ्हाइकांना ते पोचवणे, वर्तमानपत्रे टाकणे ही कामे पोरवयातच अंगावर आली. तेराव्या वर्षी त्याने ईगल स्काउट हा स्काउटमधला सर्वोच्च दर्जा मिळवला. कोलंबियाच्या हिकमन हायस्कूलमध्ये तो विद्यार्थ्यांचा अध्यक्ष होता आणि फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅकही. 1935 मध्ये त्या संघाने राज्याचे अजिंक्यपद मिळवले.

1940 मध्ये पदवी घेऊन वॉल्टन जे. सी. पेनी या दुकानांच्या साखळीत उमेदवारीला लागले. महायुद्धातली लष्करी नोकरी संपल्यावर, 1945 मध्ये, सासऱ्यांकडून घेतलेले 20,000 डॉलर आणि स्वतःच्या शिलकीतले 5,000 घालून त्यांनी आर्कान्सातल्या न्यूपोर्ट येथे एक लहान दुकान घेतले. पाच वर्षांत ते जोरात चालू लागले. पण जागेच्या भाडेकरारात मुदतवाढीचे कलमच नव्हते. मालकाने जागा परत मागितली आणि जमवलेला धंदा सोडून त्यांना गाव बदलावे लागले. 1950 मध्ये ते बेंटनव्हिलला आले. वस्ती जेमतेम 3,000, आणि आसपास मोठे शहर नाही.

नव्या दुकानाने जम धरल्यावर त्यांनी इतर लहान गावांत दुकाने काढली. धाकटे भाऊ बड भागीदार झाले. एक दुकान कॅन्सस सिटीजवळ होते, म्हणजे घरापासून 300 किलोमीटरहून लांब. डोंगराळ भागातल्या अरुंद रस्त्यांवर गाडी हाकण्यातच दिवस जाऊ लागले. वॉल्टन तर दर दुकानात स्वतः जाऊन माल, मांडणी आणि हिशेब पाहणारे. रस्त्यातला हा वेळच धंद्याची वाढ अडवून बसला होता.

1950 च्या दशकात त्यांनी 1,850 डॉलरना एर्कूप जातीचे दोन आसनी जुने विमान विकत घेतले. ताशी साधारण 160 किलोमीटर वेगाचे ते हलकेसे यंत्र. बड स्वतः युद्धात नौदलाचे वैमानिक होते. त्यांना मात्र भावाच्या या खरेदीची धास्ती वाटली आणि बराच काळ ते त्यात पाऊल टाकायला तयार नव्हते. भीती अगदीच अनाठायी नव्हती. पुढे एकदा फोर्ट स्मिथजवळ उड्डाणात इंजिनात बिघाड झाला, तेव्हा वॉल्टन यांनी ते बंद केले आणि तसेच तरंगत खाली उतरवले. उडणे मात्र सोडले नाही. आयुष्यात त्यांनी सुमारे 18 विमाने वापरली, त्यातले एकही नवे कोरे घेतलेले नव्हते.

विमानाने वेळ तर वाचलाच, शिवाय एक नवी नजरही मिळाली. 2 जुलै 1962 रोजी रॉजर्स येथे पहिले वॉलमार्ट उघडले. त्यानंतर जागा निवडायची म्हणजे वॉल्टन गावावरून खालून उडत, विमान एका कुशीवर कलते करत. गाव कोणत्या बाजूला वाढते आहे, रहदारी कोठून वाहते, दुसऱ्या दुकानांच्या आवारात किती गाड्या उभ्या आहेत, हे वरून दिसे. पसंत पडलेल्या जागेजवळ उतरायचे, मालकाचा शोध घ्यायचा आणि सौद्याची बोलणी तेथेच सुरू करायची.

1970 मध्ये दुकाने 38 होती, 1980 मध्ये 276 झाली. एका माणसाला एवढा फेरा शक्य नव्हता. साधा मार्ग म्हणजे ठिकठिकाणी विभागीय कचेऱ्या थाटणे. तो खर्च वॉल्टन यांनी टाळला. विभागप्रमुख बेंटनव्हिललाच राहत, सोमवारी कंपनीच्या लहान विमानांतून दुकानांकडे निघत आणि गुरुवारी परतत. दुकानात पाहिलेल्या गोष्टींवर आठवडाअखेर बैठकीत निर्णय होत. वॉल्टन स्वतः जुना पिकअप ट्रक चालवत. विमानाकडेही ते त्याच दृष्टीने बघत: कामाचे वाहन, मिरवण्याची वस्तू नव्हे.

या कथेला दुसरी बाजू आहे. ज्या गावांत वॉलमार्ट आले, तेथल्या गिऱ्हाइकांना माल स्वस्त मिळाला, पण मुख्य रस्त्यावरची पिढीजात दुकाने अनेक ठिकाणी बंद पडली. कामगारांच्या कमी पगारावरूनही कंपनीवर टीका झाली. आकाशातून मोकळी जागा आणि रस्ता दिसतो. खालच्या दुकानदाराच्या घरातली काळजी दिसत नाही. आपल्यातही त्या खालच्या दुकानदाराच्या जागी उभे असलेले मित्र आहेत, म्हणून हे सांगणे गरजेचे वाटते.

1985 मध्ये फोर्ब्स मासिकाने वॉल्टन यांना अमेरिकेतले सर्वांत श्रीमंत गृहस्थ म्हणून जाहीर केले. तेव्हाही त्यांचा मुक्काम बेंटनव्हिललाच होता आणि दुकानांच्या भेटी चालू होत्या. मार्च 1992 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी तेथे येऊन त्यांना स्वातंत्र्यपदक दिले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, 5 एप्रिल 1992 रोजी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

आपल्यापैकी कोणी विमान घेईल न घेईल. ज्यांच्या शाखा बाहेरगावी आहेत, त्यांनी एवढे जरूर पाहावे, की महिन्यातून किती दिवस आपण फोनवर धंदा करतो आणि किती दिवस दुकानात उभे असतो. वॉल्टन यांनी विमान घेतले ते दुकानात उभे राहता यावे म्हणून.