हिप्परग्याचे हेडमास्तर

भाद्रपद सरत आला की आपल्या शाळेत एकामागून एक दिवस येऊ लागतात. १७ सप्टेंबरला झेंडावंदन, मग मुलींची भुलाबाई, घटस्थापना, २ ऑक्टोबरची सफाई, दसऱ्याची आपट्याची पाने, कोजागिरीचे दूध आणि त्यातच सहामाही परीक्षा! बाहेर शेतात मूग-उडीद निघून गेलेले असतात, सोयाबीनची सोंगणी चालू असते, कापूस फुटायला लागतो, आणि वर्गात हजेरी घेताना गुरुजींना निम्म्या नावांवर थांबावे लागते. अशा धांदलीत एक प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतोच. पुण्याच्या शाळेत, कोल्हापूरच्या शाळेत वर्षात तीनदा झेंडावंदन होते. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. मग आपल्याकडे चौथे कशाला? १५ ऑगस्टला स्वातंत्र्य मिळाले ना?

त्या चौथ्या झेंडावंदनाचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे. त्यांचा फोटो आपल्या कार्यालयात भिंतीवर आहे. भगवी वस्त्रे घातलेले ते स्वामी. पुष्कळ मुलांना वाटते की ते कीर्तनकार असावेत किंवा कुठल्या मठाचे महाराज असावेत. तसे नाही. ते आधी शाळामास्तर होते, अगदी खेडेगावातल्या शाळेचे. त्यांचे नाव स्वामी रामानंद तीर्थ.

त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. म्हणजे गांधी जयंतीच्या दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती येते. त्यांचे मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. शिक्षणासाठी ते सोलापूरला होते. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक वारले, आणि त्याच सुमारास गांधीजींनी असहकाराची हाक दिली. सरकारी शाळा सोडा, असे त्या वेळी सांगितले जात होते. शाळा सोडा म्हटल्यावर आज कुणाला आनंदही होईल, पण व्यंकटेशने शाळा सोडली ती शिकायचे टाकून नव्हे. तो राष्ट्रीय शाळेत शिकला. अमळनेरला गेला, पुढे पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात गेला. लग्न करायचे नाही, सगळे आयुष्य देशासाठी द्यायचे, हे त्याने त्या कोवळ्या वयातच ठरवून टाकले होते.

शिक्षण झाल्यावर ते कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम करू लागले. तिथेच राहिले असते तर कदाचित कामगारांचे मोठे पुढारी झाले असते. पण मध्येच मोठे दुखणे आले. शहरातले धावपळीचे काम झेपेना. आणि मग १९२९ च्या सुमारास ते एका आडगावी आले. गावाचे नाव हिप्परगा. आज हे गाव धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात आहे.

आता हिप्परग्याला काय होते? तिथे एक शाळा होती. १९२१ साली गावातल्या ध्येयवादी माणसांनी काढलेली राष्ट्रीय शाळा. आपली शाळा जिल्हा परिषदेची. पुस्तके येतात, खिचडी येते, पगार येतो. थोडा उशीर होतो, पण येतो! त्या शाळेला यातले काही नव्हते. सरकार होते हैदराबादच्या निजामाचे. मराठवाडा तेव्हा त्याच्या संस्थानात होता. संस्थानात एकूण १६ जिल्हे होते, त्यात मराठी बोलणारे ५ : औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे. सभा घ्यायची तरी परवानगी. यासाठी एक हुकूम होता, त्याला गश्ती निशाण ५३ म्हणत. वरच्या वर्गांत सगळे शिक्षण उर्दूतून. उर्दू भाषा गोड आहे, आपल्या जिल्ह्यातही जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळा आहेत आणि तिथली मुले आपल्याबरोबर खो-खो खेळायला येतात. तक्रार भाषेची नव्हती बरं का. ज्या मुलाच्या घरी मराठी, कानडी किंवा तेलुगू बोलतात, त्याला गणित आणि भूगोल परक्या भाषेत समजून घ्यावे लागे. तिथेच खेड्यातली बहुतेक मुले गळत. साधी पत्रे वाचणारा माणूससुद्धा कितीतरी गावांत शोधावा लागे.

अशा मुलखात सरकारच्या मर्जीबाहेरची शाळा म्हणजे धाडसच. त्या काळच्या राष्ट्रीय शाळांत मातृभाषेतून शिकवीत, टकळीवर सूत काढायला शिकवीत, व्यायाम आणि प्रार्थना रोजची असे. गावाने जगवले तर शाळा जगायची. सरकारच्या डोळ्यांवर आली तर कधी बंद पडेल याचा नेम नसे. या शाळेचे मुख्याध्यापक म्हणून व्यंकटराव खेडगीकर आले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे शिकलेले तरुणही अशा आडगावच्या शाळेत येऊन राहिले. विचार करा, पुण्या-मुंबईकडे चांगली नोकरी मिळाली असती अशी ही माणसे.

हिप्परग्याला असतानाच व्यंकटरावांनी संन्यास घेतला. स्वामी रामतीर्थांच्या विचारांचा त्यांच्यावर फार प्रभाव होता. त्यांच्याच परंपरेतली दीक्षा घेऊन ते रामानंद तीर्थ झाले. संन्यासी माणूस घरदार सोडतो, डोंगरात किंवा नदीकाठी जातो, असे आपण ऐकतो. यांनी संन्यास घेतला आणि परत शाळेत आले! मला तरी त्यांच्या चरित्रातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. हेडमास्तर तेच, फक्त कपडे भगवे.

पण हिप्परग्याची शाळा चालवणे दिवसेंदिवस अवघड होत गेले. सरकारची नजर वाकडी, पैशाची चणचण. १९३५ साली स्वामीजी आणि त्यांचे काही सोबती अंबाजोगाईला आले. तेव्हा त्या गावाला मोमिनाबाद म्हणत. तिथे योगेश्वरी नूतन विद्यालयाचे काम त्यांनी अंगावर घेतले. ही शाळा पुढे नावारूपाला आली. तिथे शिकलेली कितीतरी मुले मोठी होऊन स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरली.

इथे स्वामीजींपुढे मोठा पेच आला असणार. शाळा सांभाळायची की लढ्यात उतरायचे? दोन्ही एकदम होण्यासारखे नव्हते. मुख्याध्यापक तुरुंगात गेला तर शाळेवर बालंट येणार. आणि शाळेतच बसून राहिले तर मुलांना शिकवलेले खरे कोण करून दाखवणार? त्यांनी शाळा सोबत्यांच्या हाती दिली आणि स्वतः बाहेर पडले. महाराष्ट्र परिषद नावाची संघटना १९३७ साली परतूरला भरली होती. परतूर म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातले. त्या परिषदेच्या कामातून स्वामीजी मराठवाडाभर फिरू लागले.

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. जन्माला येण्याआधीच बंदी, अशी गंमत! २४ ऑक्टोबर १९३८ ला सत्याग्रह सुरू झाला. दिवाळीचे दिवस होते ते. लोकांच्या घरी फराळ, आणि सत्याग्रही तुकडी-तुकडीने तुरुंगात. त्याच महिन्यात स्वामीजींनीही सत्याग्रह करून अटक करून घेतली.

त्याच सुमारास आपल्या शहरात एक गोष्ट घडली, ती तर तुम्हाला माहीत हवीच. किलेअर्क भागात जे शासकीय महाविद्यालय आहे, ते तेव्हा इंटरमिजिएट कॉलेज होते. तिथल्या वसतिगृहातल्या मुलांनी प्रार्थनेत वंदे मातरम् म्हणायला सुरुवात केली. ते बंद करा असा हुकूम आला. मुलांनी ऐकले नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये संप झाला, आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत ही चळवळ पसरली. शेकडो मुलांची नावे काढून टाकली. तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना आपल्याकडे घेतले. त्या मुलांत एक होते पी. व्ही. नरसिंह राव. पुढे ते भारताचे पंतप्रधान झाले, आणि स्वामीजींना आपले गुरू मानत राहिले.

त्यानंतर स्वामीजींचे आयुष्य म्हणजे थोडे दिवस बाहेर, पुष्कळ दिवस आत. १९४० साली गांधीजींच्या संमतीने वैयक्तिक सत्याग्रह केला, तुरुंगवास. १९४२ च्या चळवळीत पुन्हा तुरुंगवास. १९४६ साली स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली, आणि स्वामीजी तिचे अध्यक्ष झाले. गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू, बाबासाहेब परांजपे अशी माणसे त्यांच्या भोवती होती.

मग आला १५ ऑगस्ट १९४७. देश स्वतंत्र झाला. दिल्लीत, मुंबईत, पुण्यात दिवे लागले. आणि मराठवाड्यात? निजामाने भारतात सामील व्हायला नकार दिला होता. संस्थानात तिरंगा लावणे हा गुन्हा. स्वामीजींनी त्या दिवशी हैदराबादेत तिरंगा फडकवला आणि त्यांना अटक झाली. मध्ये थोडे दिवस सुटका झाली, पण १९४८ च्या जानेवारीत पुन्हा पकडले. बाहेर लोकांनी लढा चालू ठेवला. विद्यार्थ्यांनी शाळा-कॉलेजे सोडली, वकिलांनी कोर्ट सोडले, सरहद्दीवर छावण्या निघाल्या. रझाकारांनी गावोगाव धुमाकूळ घातला. घरे जाळली, माणसे मारली. त्या वेळच्या गोष्टी अजून काही घरांत सांगतात.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा. ही लढाई हिंदू आणि मुसलमान यांची नव्हती. हैदराबादेत शोएबुल्ला खान नावाचे एक तरुण संपादक होते. संस्थान भारतात सामील व्हावे असे त्यांनी आपल्या ‘इमरोज’ या उर्दू वर्तमानपत्रात लिहिले. त्यासाठी ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. मुक्तिसंग्रामाच्या हुतात्म्यांची नावे घेताना हे नाव विसरून चालणार नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरले. त्याला पोलीस कारवाई म्हणतात. औरंगाबाद शहर दोन-तीन दिवसांतच मोकळे झाले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली आणि स्वामीजी तुरुंगातून सुटले. म्हणजे हिशेब करा. १५ ऑगस्ट १९४७ पासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, एक वर्ष एक महिना दोन दिवस. एवढा काळ बाकीचा देश स्वतंत्र आणि आपण नाही. आपल्या चौथ्या झेंडावंदनाचे कारण ते हे. शहरात सिद्धार्थ उद्यानात जो मुक्तिसंग्रामाचा स्मृतिस्तंभ आहे, तिथे दर १७ सप्टेंबरला मोठे झेंडावंदन होते. सहलीला गेलात तर फक्त वाघ बघून परत येऊ नका.

स्वातंत्र्य मिळाल्यावर स्वामीजींनी काय केले? मोठे पद मागितले असते तर मिळाले असते. ते १९५२ साली गुलबर्ग्याहून आणि १९५७ साली औरंगाबादहून लोकसभेवर निवडून गेले खरे, म्हणजे आपल्या पणजोबांनी त्यांना मते दिली असतील. पण मंत्री काही झाले नाहीत. त्यांचे मन परत शाळेकडेच धावले. १९५० साली त्यांनी नांदेडला शिक्षणसंस्था काढली आणि पीपल्स कॉलेज सुरू केले. जुने हैदराबाद संस्थान तसेच ठेवू नये, ज्याची त्याची भाषा त्याच्या राज्यात जावी, असे त्यांचे मत होते. यावर त्यांच्या पक्षातले पुष्कळ लोक रागावले, तरी ते हलले नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ ला संस्थानाचे तीन भाग झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला, पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्रात. तेव्हाच्या ५ जिल्ह्यांचे आज ८ झाले आहेत. आपण आज भूगोल मराठीतून वाचतो आणि सहामाहीचा पेपर मराठीतून लिहितो, त्यामागे ही सगळी खटपट आहे.

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे स्वामीजींचे निधन झाले. त्यांच्या नावाचे विद्यापीठ नांदेडला १७ सप्टेंबर १९९४ रोजी सुरू झाले.

यंदा ३ ऑक्टोबरला परिपाठात सातवीची मुले हैदराबाद संस्थानाचा नकाशा फळ्यावर काढणार आहेत. त्यात हिप्परगा, अंबाजोगाई, परतूर आणि आपले गाव दाखवायचे आहे. ज्यांच्या घरी आजी-आजोबांनी रझाकारांच्या वेळची एखादी गोष्ट सांगितली असेल त्यांनी ती विचारून, सांगणाऱ्याचे गाव आणि वय घालून, वहीच्या एका पानावर लिहून आणावी. सोंगणीला गेलेल्या मुलांनीही आणावी, रानात बसून विचारली तरी चालेल. या भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात त्यासाठी जागा मोकळी ठेवली आहे. अक्षर मात्र सुवाच्य हवे, आणि शाई निळी किंवा काळी.