दहा दिवसांचे बाळ आणि डॉक्टर आनंदीबाई

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून माहीत असते. त्या अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाल्या, हेही ठाऊक असते. पण एका चौदा वर्षांच्या मुलीच्या मनात डॉक्टर होण्याचे का आले, हे फारसे सांगितले जात नाही. त्यामागे अवघे दहा दिवस जगलेले तिचे बाळ होते.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा, घर कल्याणचे. आजचा मोखाडा तालुका आणि त्यातले खोडाळा हे गाव २०१४ पर्यंत कल्याणबरोबर एकाच ठाणे जिल्ह्यात होते, म्हणजे ही तशी आपल्याच जिल्ह्याची लेक. वयाच्या नवव्या वर्षी तिचे लग्न टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव वयाने खूप मोठे आणि बिजवर. बायकोने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली नाही आणि दहाव्या दिवशी तो गेला. परपुरुष डॉक्टरपुढे जायला बायका संकोचत आणि स्त्री डॉक्टर तर नव्हतीच. ती उणीव आपणच भरून काढावी, असे आनंदीबाईंनी ठरवले.

पहिले बाळ घरी आले, की आजही हेच दहा दिवस आई-वडिलांना सर्वांत कठीण वाटतात. म्हणून या दिवसांत काय घडणे स्वाभाविक असते, ते आधी पाहू. बाळाचे वजन सुरुवातीला थोडे घटते, अगदी दहाव्या हिश्शापर्यंतही, आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा व छाती पिवळसर दिसू शकते, ती कावीळ बहुतेक बाळांत आपोआप ओसरते. कातडी सोलवटणे, शिंका, उचक्या, मुलगा असो वा मुलगी स्तन किंचित सुजणे, या गोष्टींवर उपचार लागत नाहीत. बाळ दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा अंगावर पिते. आठवड्याच्या शेवटी ते दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. पहिला घट्ट, पिवळसर चीक पिळून टाकू नये, बाळाला पाजावा. मध, गुटी, साखरेचे पाणी यांची गरज नसते.

पुन्हा आनंदीबाईंकडे वळू. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका अमेरिकी मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापून आले. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी ते वाचले आणि दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. परदेशगमनाला मोठा विरोध होता. आनंदीबाईंनी १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधील सेरामपूर येथे जाहीर सभेत उभे राहून आपण का जात आहोत, हे सांगितले. भारतात स्त्री डॉक्टरांची गरज आहे, हा त्यांचा मुद्दा होता. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना प्रवेश मिळाला.

पदवीच्या प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. त्यात जुन्या भारतीय ग्रंथांचा आणि नव्या पाश्चात्त्य ज्ञानाचा असा दोन्हींचा आधार होता. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

प्रसूतीतली स्वच्छता जीव वाचवते, हे ज्ञान तेव्हा नुकते रुजत होते. धनुर्वाताच्या जंतूचा पत्ता १८८४ च्या सुमारास लागला. अस्वच्छ हत्याराने नाळ कापणे, तिच्यावर राख किंवा शेण लावणे यातून हा जंतू बाळाच्या शरीरात जाई. आज गरोदरपणात आईला धनुर्वाताची लस मिळते आणि नाळ निर्जंतुक साधनाने कापली जाते. त्यामुळे २०१५ मध्ये भारतातून नवजात बाळांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. घरी आल्यावर नाळेला तेल, हळद, राख काहीही लावायचे नाही. ती कोरडी ठेवावी, एक-दोन आठवड्यांत आपणहून गळून पडते.

आनंदीबाईंना मात्र क्षयाने गाठले होते. फिलाडेल्फियाची थंडी आणि अपुरा आहार यांनी प्रकृती ढासळत गेली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री विभागाच्या प्रमुख म्हणून नेमणूक झाली होती, पण १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या त्या अंथरुणाला खिळूनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. क्षयाचा जंतू १८८२ मध्येच सापडला होता, पण त्यावरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसीन, सापडायला १९४३ साल उजाडले. क्षयाची बीसीजी लस प्रथम १९२१ मध्ये पॅरिसमध्ये दिली गेली, तीही एका तान्ह्या बाळाला. त्याची आई क्षयाने गेली होती. आज आपल्या बाळाला जन्मतःच जी लस दंडावर टोचतात, ती हीच. काही आठवड्यांनी तिथे छोटी गाठ येते, ती फुटते आणि वण राहतो. तिच्यावर मलम लावू नये, शेकू नये.

खोडाळ्याच्या परिसरात पावसाळी गारठा असतो. तिथे बाळाला ऊब देण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालणे. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला याचा विशेष फायदा होतो, आणि वडील किंवा आजीही बाळाला असे धरू शकतात. पहिल्या दिवशी अंघोळ घालू नये. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीचा धूर कोंडू देऊ नये.

काही लक्षणे दिसली तर मात्र थांबायचे नाही. बाळाने दूध ओढणे सोडले, ते मलूल पडले, अंग गार पडले किंवा तापले, मिनिटाला साठहून जास्त श्वास होऊ लागले, श्वासागणिक छाती आत ओढली गेली, झटके आले, नाळेतून पू आला, पहिल्याच दिवशी कावीळ दिसली किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर लगेच निघावे. कावीळ झालेल्या बाळाला उन्हात ठेवून वाट पाहत बसू नये. आधी खोडाळ्याचे प्राथमिक आरोग्य केंद्र, पुढे गरजेप्रमाणे मोखाडा किंवा जव्हारचे रुग्णालय. गाडीसाठी १०२ किंवा १०८ वर फोन करावा. पाड्यावरून रस्त्यापर्यंत यायलाच वेळ लागतो, म्हणून अंधार पडण्याआधी निर्णय घेतलेला बरा. वीटभट्टीवर किंवा दुसऱ्या गावी कामाला जाणार असाल, तर माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे आणि आशाताईंना आधी कळवावे.

रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. प्रसूती घरी झाली असेल, तर पहिल्या दिवशीही येतात. त्या बाळाचे वजन करतात, ताप पाहतात, श्वास मोजतात. यातल्या दोन भेटी तर पहिल्या दहा दिवसांतच होतात. मनात जी शंका असेल, ती तेव्हा विचारून घ्यावी. आनंदीबाईंना त्यांच्या त्या दहा दिवसांत असे विचारायला कोणीच नव्हते.