विनोबा आणि चंबळचे बागी

कोकणातील गागोदे गावी १८९५ साली जन्मलेले विनायक नरहर भावे वाढले ते बडोद्यास. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण सुरतेला गाडीतून उतरला तो थेट काशीस गेला आणि तेथून गांधीजींकडे. ‘गीताई’ आणि भूदान घरोघर ठाऊक आहेत. आम्हां ग्वाल्हेरकरांनी मात्र १९६० चा मे महिनाही विसरू नये, असे मला वाटते.

मानसिंगाचा मुलगा तहसीलदारसिंग तेव्हा नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट पाहत होता. त्याने विनोबांना पत्र लिहिले. विनोबांनी मेजर जनरल यदुनाथसिंगांना त्याच्याकडे धाडले आणि स्वतः चौसष्टाव्या वर्षी भिंड-मुरैन्याच्या बीहडांत पायी शिरले. माफी देणे त्यांच्या हाती नव्हते आणि तसे वचनही त्यांनी दिले नाही. तरी लुक्का पंडितासह वीस बागींनी बंदुका त्यांच्यापुढे आणून ठेवल्या. इकडे बंदूक म्हणजे माणसाची इभ्रत, हे जाणणाऱ्यालाच त्याचे मोल कळेल.

पोलीसखाते रुष्ट झाले. ज्यांच्या घरचा माणूस मारला गेला त्यांनी हा सोहळा कसा पाहावा? हा आक्षेप मला आजही पोकळ वाटत नाही. खोऱ्यातील टोळ्यांच्या मानाने वीस हा आकडाही लहानच. परंतु एप्रिल १९७२ मध्ये जौऱ्याजवळ जयप्रकाशजींपुढे माधोसिंग, मोहरसिंग शस्त्रे ठेवण्यास आले, ते याच वाटेने.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी, अन्नपाणी सोडून, विनोबांनी पवनारला देह ठेवला.